वहिनीच्या वाटणीचं पाणी

९ जानेवारी

वहिनीबाई,

कशी आहेस, काय आहेस ते मागाहून विचारते. आधी बातमी! तू इकडे राहायला ये. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची!

झालंय असं, की आमच्या बेटावर घर कुणाच्या मालकीचं नसतं, हे तू लग्नानंतर आली होतीस तेव्हा मी तुला सांगितलं होतं. नवीन घर बांधायला जागाच नाही, बांधणार कुठे, समुद्रात? म्हणून जेवढी माणसं तेवढं घर. दर एप्रिलमध्ये समिती दारोदार फिरून डोकी मोजते. तीन खोल्यांच्या घरात निदान दोन डोकी हवीत. हे गेले, मागच्या वर्षी लेकही नोकरीसाठी गेली, उरले मी एकटी. एप्रिलपर्यंत दुसरं माणूस आलं नाही, तर हे घर दुसऱ्यांना आणि माझी रवानगी बर्फाच्या कारखान्यामागच्या एकटखोलीत. एकट्या माणसांच्या खोल्यांची रांग आहे ती. ना ओटा, ना समुद्राकडे खिडकी, आणि पहाटेपासून बर्फ फोडल्याचा ठणठणाट!

आणि वहिनी, खिडकीशिवाय मी जगायची कशी? हे लाँच चालवायचे. पुढच्या खोलीच्या खिडकीतून लाँच दिसली की मी चहाचं आधण ठेवायची. हे पायऱ्या चढून दारात येईपर्यंत चहा कपात. आजही संध्याकाळी लाँच दिसली की माझा हात आपोआप पातेल्याकडे जातो.

माझ्यानंतर नंबर कुणाचा म्हणशील, तर लाँचच्या मिस्त्रीचा. तो, बायको आणि जुळ्या मुली, चौघं एका खोलीत. माणसं चांगली आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण बेटावर माझंच घर आहे का एक?

फोन करू नकोस. फोन समितीच्या कचेरीत आहे आणि अध्यक्षीणबाई त्याच्याशेजारी बसून स्वेटर विणतात. टपालाची पिशवी गुरुवारी येते. पुढच्या गुरुवारी तुझा होकार हवा!

तुझी वन्सं


२० जानेवारी

ती. वन्सं,

पत्र वाचलं आणि खरं सांगते, हरखून गेले. माझ्या वयाच्या बाईला ‘राहायला ये’ असं कुणी म्हणेल हे मनातही आलं नव्हतं.

पण कसं जमणार? बाळूला ऑफिसला जाताना डबा माझ्याच हातचा लागतो. सूनबाई दिवसभर बाहेर. नातवाची परीक्षा. घर सगळं माझ्यावर आहे, वन्सं. शिवाय माझी खोली, तिची गॅलरी, सकाळचं ऊन हे सोडवत नाही. आता हे पत्रसुद्धा गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून लिहितेय.

आणि मी समुद्राला भिते. त्या वेळी बोटीत माझं काय झालं होतं ते तुम्ही अजून चारचौघांत रंगवून सांगता.

एकटखोलीत वरच्या बाजूला एखादी खिडकी पाडून मिळते का, विचारून बघा.

तुमची वहिनी


२४ जानेवारी

वहिनी,

खिडकी पाडून मिळते का म्हणे! पलीकडे बर्फ आहे बाई, बर्फ!

पण राग बाजूला ठेव, कारण एक भानगड झालीय. काल अध्यक्षीणबाई दारात आल्या. शाळेच्या जुन्या बाई त्या, चष्म्यावरून बघतात तेव्हा पाढे आठवत नसल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, “काय, कुणी येतंय का तुमच्याकडे राहायला?” मी म्हणायला गेले, “अजून ठरतंय.” आणि तोंडातून निघालं, “आलीये! माझी भावजय. आत झोपलीये. प्रवासाने खोकला झालाय.”

त्यांनी आत पाहिलं. मीही आत पाहिलं. आणि शपथेवर सांगते, तू खोकल्याचा मला भास झाला!

आता दोन माणसांचं पाणीही सुरू झालंय. इथे पाणी बाहेरून बोटीने येतं आणि डोक्याप्रमाणे कॅन मिळतात. आज दाराशी चक्क दोन माणसांचे कॅन!

तर आता एवढंच कर. तुझ्या जुन्या चपला, एखादा स्वेटर आणि वापरात नसलेला चष्मा पाठव. चपला दारात, स्वेटर दोरीवर, चष्मा खिडकीत. तुला काहीच करायचं नाही. तू तिथेच राहा, मी तुला इथे वसवते.

वन्सं


२ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुम्हाला काही लाजलज्जा? या वयात खोटं, तेही माझ्या नावाने, तेही खोकल्यासकट! मला आयुष्यात खोकला झालेला नाही. मला होते ती सर्दी.

उद्या पकडलात म्हणजे? तुमचं घर तर जाईलच, वर माझी अब्रू जाईल. मला यात अजिबात ओढू नका.

पार्सल वेगळं पाठवलं आहे. चपला जरा झिजलेल्या आहेत, म्हणजे खऱ्या वाटतील. स्वेटर निळा आहे. तो उन्हात वाळत घालू नका, रंग जातो.

वहिनी


१७ फेब्रुवारी

माझ्या गुणी वहिनी,

बेटावर तुझं बस्तान बसलं!

शेजारची शिंपीण दारातल्या चपला बघून म्हणाली, “पाय अगदी नाजूक दिसतात हो त्यांचे.” मी म्हटलं, “पाय नाजूक, पण स्वभाव कडक. माणसांत मिसळायला वेळ घेते.” तर तिने तुझ्यासाठी गरम सूप आणून दिलं. मी प्यायले. मीठ कमी होतं, पण तुझ्या वतीने तारीफ केली.

मग शिंपिणीला बटणं लावायची घाई होती, ती म्हणाली, “तुमची वहिनी मदत करेल का?” मी रात्रंदिवस बसून लावली आणि सांगितलं, तू लावलीस. आता तिचं म्हणणं, असं घट्ट बटण बेटावर कुणी लावत नाही. बघ, मी राबायचं आणि नाव तुझं!

एकच अडचण. तुझ्या वाटणीचं पाणी. ओतून द्यायला जीव होत नाही, इथे पाण्याच्या थेंबाला किंमत आहे. परत द्यावं तर बिंग फुटेल. काय करू त्याचं?

वन्सं


१ मार्च

ती. वन्सं,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सूनबाईने विचारलं, “आई, एकट्याच काय हसताय?” मी म्हटलं, “जुनं काहीतरी आठवलं.” जुनं कसलं, ताजं होतं!

बटणं मी खरंच घट्ट लावते, हे तुम्हाला कसं आठवलं? दोऱ्याला शेवटी दोन वेढे द्यायचे आणि मग गाठ. पुढच्या वेळी तसंच करा, नाहीतर माझं नाव खराब व्हायचं.

आणि मला सारखी कडक काय ठरवता? मला गप्पा आवडतात. शिंपिणीला सांगा, खोकला कमी झाला की मी ओट्यावर येऊन बसेन. मला फुलांचं वेड आहे असंही सांगा. तुमच्या खिडकीत गुलाबाच्या वाळक्या कुंड्या आहेत असं तुम्ही मागे लिहिलं होतं ना, त्यांना घाला माझं पाणी. माझ्या वाटणीचं आहे, मी म्हणेन तिथेच गेलं पाहिजे.

एक सांगू? इथे संध्याकाळी ‘आज दिवसभर काय केलंत’ असं मला कुणी विचारत नाही. वाईट आहेत म्हणून नव्हे, त्यांना सवडच नसते. तुमच्या पत्रात मात्र मी केवढं काय काय करते! वाचताना मला माझा हेवा वाटतो.

पुढच्या पत्रात मी काय केलं ते सविस्तर लिहा.

वहिनी


२० मार्च

वहिनी, वहिनी, वहिनी!

गुलाब फुलले! सगळ्या कुंड्या! लाल, अगदी लालभडक, बशीएवढाले! पावसाळा संपल्यापासून आभाळातून थेंब नाही, अख्खं बेट करपून गेलंय आणि माझी खिडकी बघावी तर अशी! धक्क्यावरून येणारी-जाणारी माणसं मान वर करून बघतात. मिस्त्रीच्या जुळ्या पोरी तर पायरीवर बसूनच असतात. मी सगळ्यांना सांगते, “आमच्या वहिनीचा हात लागला.” तुझ्या हाताला गुण आहे अशी बोलवा झालीय.

आता घाबरायची गोष्ट. डोळ्याच्या दवाखान्यातून निरोप आलाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि नेमकी मोजणीच्या आठवड्यातली! मी गेले तर घर रिकामं. समिती दारात येणार आणि आत कोण? एक स्वेटर? आणि तारीख सोडली तर पुढची कधी मिळेल देव जाणे. उजव्या डोळ्याने मला आता लाँच दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका दिसतो.

दोन्ही कसं साधू? माझं डोकं चालत नाही. घर ठेवू की डोळा?

वन्सं


२७ मार्च

ती. वन्सं,

डोळा. तुम्ही इकडे या, बाळूकडे उतरा, तो दवाखान्यात नेईल. मी तिकडे येते. मोजायला एक खरं डोकं तरी असेल.

बोटीत बसायच्या आधी काही खाणार नाही. म्हणजे तुम्हाला सांगायला नवीन गोष्ट नको.

वहिनी


११ एप्रिल
(बाळूच्या घरून)

खोटारडे वहिनी!

धक्क्यावर भेटलो जेमतेम. तू उतरलीस, मी चढले, लाँच लगेच परत निघायची होती. तू मिठी मारलीस, मी किल्ली दिली, आणि आपण दोघी एकदमच बोलत होतो, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. तू हिरवी पडली होतीस पण हसत होतीस. मी लाँचमधून मागे बघत राहिले. आणि वहिनी, माझ्या खिडकीत दिवा लागलेला मी पहिल्यांदा बाहेरून पाहिला.

असो. आता मला सांग, तुझी खोली कुठाय?

बाळूने माझी पिशवी घेतली आणि नेली कुठे, तर पॅसेजमध्ये! बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या पॅसेजमध्ये एक खाट. वर कपड्यांची दोरी. “आई इथेच झोपते,” म्हणाला, अगदी सहज. मी म्हटलं, “आणि गॅलरीची खोली?” तर म्हणे ती मुलाला अभ्यासाला दिली, चार वर्षं झाली.

चार वर्षं! आणि मला पत्रात सकाळचं ऊन! काल पहाटे बाळू माझ्या पायाला अडखळला, मग सूनबाई, मग नातू. तिघंही ‘सॉरी’ म्हणाले. वाईट नाहीत गं पोरं. त्यांना दिसतच नाही, माझ्यासारखा त्यांनाही मोतीबिंदू झालाय म्हणायचा.

बाळूचा कान मी धरला, अगदी लहानपणी धरायची तसा. परवा ऑपरेशन. तू मोजणीला नीट उत्तर दे. विचारलं तर जानेवारीपासून आहेस म्हण.

वन्सं


१६ एप्रिल
(तुमच्या खिडकीतून)

ती. वन्सं,

डोळा कसा आहे ते आधी कळवा. आणि डोळा दुखत असेल तर हे पत्र नंतर वाचा. नाही, आताच वाचा, मला दम निघत नाही.

मी इथे आले त्या संध्याकाळपासून नुसती जत्रा आहे. मला कुणाला ओळख करून द्यावीच लागली नाही! धक्क्यावरच शिंपिणीने विचारलं, “खोकला बरा का?” मी म्हटलं, “बराच बरा.” बर्फवाला म्हणाला, “आज निळा स्वेटर नाही?” दुसऱ्या दिवशी शिंपिणीकडे बसून मी बटणं लावली. तिने बघितली आणि म्हणाली, “आधीपेक्षा घट्ट झाली.” वन्सं, मी दिवसभर हसत होते.

काल मोजणी. अध्यक्षीणबाई आल्या. घरभर बघितलं नाही, सरळ खिडकीशी गेल्या, गुलाबाचा वास घेतला आणि मला विचारलं, “बाई, तुम्ही खरं म्हणजे कधी आलात?”

मला तुमचं वाक्य पाठ होतं. जानेवारी. पण त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि मी सांगून टाकलं, “याच आठवड्यात.”

त्या म्हणाल्या, “ते ठाऊक आहे सगळ्यांना. या बेटावर दोन माणसं राहत असतील तर दोघांचं पाणी दोघांनाच पुरत नाही. कुंडीला मिळालंच तर भांडी विसळलेलं. आणि इथे भर उन्हाळ्यात बशीएवढे गुलाब! तुमच्या वन्संनी एकाचं पाणी प्यायलं आणि दुसऱ्याचं खिडकीत मांडून ठेवलं, धक्क्यावरून दिसेल असं.”

वन्सं, तो सल्ला माझाच होता! मी तिथल्या तिथे मेल्याहून मेले. विचारलं, “मग पकडलं का नाहीत?” तर बाई म्हणाल्या, “शिंपीण म्हणाली थांबा, कदाचित येतील. तुमच्याबद्दल इतकं ऐकलं होतं, सगळ्यांनाच बघायची हौस होती.”

मग त्यांचा आवाज बदलला. “पण खोट्या डोक्यावर ठेवलेलं घर नियमाने जातं. आता मला एवढंच सांगा, तुम्ही पाहुण्या आहात की राहायला आलात?”

मी म्हटलं, “राहायला.” वन्सं, हा शब्द मी इतका मोठ्याने उच्चारला की पायरीवरच्या जुळ्या दचकल्या. आणि माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. त्यांची आई मागे उभी होती, काखेत पडद्याचं कापड. घर आपल्याला मिळणार असं तिने धरलं होतं, खिडकीचं माप घ्यायला आली होती बिचारी. माझं ‘राहायला’ ऐकून तिने कापडाची घडी घातली आणि पोरींना म्हणाली, “चला.” एवढंच. कुरकूर नाही, काही नाही.

घरात आपली जागा नसणं म्हणजे काय ते त्या पॅसेजमुळे मला माहीत आहे. तुम्हालाही आता माहीत आहे. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “थांबा. या घरात सहा डोकी मोजा.”

मी तुम्हाला न विचारता केलं. पुढची आणि मधली खोली मिस्त्रीला दिली. आपल्या दोघींना मागची. दोन खाटा बसतात, मी बसवून बघितल्या. स्वयंपाकघर एकच. अध्यक्षीणबाईंनी नियम बराच वेळ आठवून पाहिला, मग म्हणाल्या, सहा डोक्यांना तीन खोल्या म्हणजे उलट कमीच. घर राहिलं.

पण खिडकी गेली, वन्सं. तुमची खिडकी मी देऊन बसले. तुम्ही नाही म्हणालात तर मिस्त्रीला मी स्वतः जाऊन सांगेन. तुम्ही म्हणाल तसं.

तुमची वहिनी


२३ एप्रिल

वहिनी,

हे मी माझ्या उजव्या डोळ्याने लिहितेय. अक्षरं बघ, एकदम वाघासारखी! सूनबाईच्या चेहऱ्यावर तीळ आहे हे मला आज कळलं.

तुझं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं, तेव्हा डोळा झाकलेला होता. ‘खिडकी गेली’ ऐकलं आणि मी उठून बसले. ओरडले, “माझी खिडकी! हिला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला!” तुला खूप बोलले. सूनबाई घाबरून पाणी घेऊन आली. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तू समोर असतीस तर तुझ्याशीही बोलले नसते.

मग त्या खाटेवर पडल्या पडल्या मला एक कळलं. हे गेल्यापासून मी त्या खिडकीत बसून काय बघत होते? लाँच यायची, पण त्यातून माझ्याकडे कुणीच यायचं नाही. तरी मी आधण ठेवायची, तो चहा एकटीच प्यायची आणि उरलेला ओतून द्यायची. मिस्त्री तर त्याच लाँचमधून रोज घरी येतो! त्याच्या पोरींनी नको का बघायला? वहिनी, ती खिडकी त्यांचीच आहे. दे तू. दिलीस ते बरं केलंस. मला विचारलं असतंस तर मी दिली नसती, म्हणून विचारलं नाहीस हे आणखी बरं केलंस.

मला रडू येतंय आणि डॉक्टरांनी रडायला मनाई केलीय, तेव्हा हे इथेच थांबवते.

आता बाळूचं ऐक. पॅसेजमधली खाट त्याने आपल्या हाताने उचलली आणि गॅलरीच्या खोलीत नेली. “आई आली की इथे झोपेल,” म्हणाला. मी म्हटलं, “आली तर पाहुणी म्हणून येईल.” त्याने मान खाली घातली. तू त्याला एक पत्र टाक, रागावू नकोस.

पुढच्या गुरुवारच्या लाँचने येतेय. माझी खाट भिंतीकडची हवी, सांगून ठेवते. आणि तू घोरतेस का? हे मी पत्रातल्या वहिनीबद्दल कधी ठरवलंच नव्हतं.

वन्सं


२७ एप्रिल

ती. वन्सं,

घोरते. तुमचं तुम्ही बघा.

बाळूला पत्र टाकलं आहे, रागावून नाही. त्याला आणि सूनबाईला सुट्टीत इकडेच बोलावलंय, ओट्यावर झोपतील.

मुलींना सांगितलंय की गुरुवारी लाँचमधून आजी येणार. तेव्हापासून दोघी खिडकीतून हलत नाहीत. लाँच दिसली की “आली, आली!” असा एकच गलका करतात, मिस्त्रीची बायको पुढे धावते आणि मी आधण ठेवते. चहा आता मोठ्या पातेल्यात करावा लागतो. ओतून द्यायला थेंब उरत नाही.

गुलाबांना भांडी विसळलेलं पाणी मिळतं. फुलं लहान झालीत, पण कळ्या धरल्यात.

धक्क्यावर मी येणार नाही, कारण लाँच दिसल्यापासून तुम्ही पायऱ्या चढून येईपर्यंत चहा व्हायला हवा. तुम्ही तशाच वर या. दारात चपलांना आता जागा उरलेली नाही, तुमच्या हातात घेऊनच आत या.

वहिनी